आधी मोजमाप, मग कुलर

वस्तीतील मुलांच्या संगणकासाठी आम्ही वर्गणी काढून भलामोठा कुलर आणला. बसवून पाहतो तो कॅबिनेटचे झाकणच लागेना! कुलरची उंची १६५ मिलिमीटर, आत जागा १६० ची. दुकानदार परत घेईना. चूक आमचीच, पट्टी लावून पाहिले नव्हते.

वाचकहो, प्रोसेसर नेमल्या वेगापेक्षा जादा पळवायचा तर बहुधा व्होल्टेजही जादा द्यावे लागते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणून तांब्याचे हीटपाइप, ॲल्युमिनियमचे भरपूर पातळ पत्रे आणि १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा असलेला कुलर पाहावा. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो. अभ्यासाच्या खोलीत गोंगाट होत नाही. सॉकेटला जुळतो का, रॅमच्या पट्ट्यांना अडतो का, हेही विचारावे.

मात्र असला कुलर कितीही भारी असो, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंश तापले असता जादा वेगाचा हट्ट कशाला? तेवढे दिवस मूळ वेगच ठेवावा. मुलांचा अभ्यास तेवढ्यावरही होतो.