सुट्टा, टपरी आणि एक फोन

बग सापडत नसला की आपण काय करतो? गूगल करतो. नाहीच जमलं तर शेजारच्या क्यूबिकलमधल्याला हाक मारतो. त्यात कमीपणा वाटत नाही. मग सिगरेट सोडतानाच 'माझी मी सोडीन' हा बाणा कुठून येतो?

हा प्रश्न आधी मलाच आहे म्हणा. मी चार वेळा सोडली. एकदा ३१ डिसेंबरला (पाच जानेवारीला परत!). एकदा बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर शपथ घेऊन. ती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी रिलीज होतं... त्याची इतकी लाज वाटली की पुढची दोन वर्षं मी बाबांच्या जवळ बसायचंच टाळलं. वास येईल म्हणून. त्यांना कळत होतं. बोलले काहीच नाहीत.

२०१८ पासून पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा फुकट नंबर छापतात. मी तो हजारदा पाहिला असेल, 'वाचला' कधीच नव्हता. गेल्या वर्षी एका दुपारी मीटिंग रूमचं दार लावून फिरवला. वाटलं, आता प्रवचन. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "दिवसातली पहिली कधी ओढता? आणि कुणाबरोबर?"

दुसऱ्या प्रश्नावर मी अडकलो. दिवसाच्या दहांतल्या सात मी टपरीवर, टीमबरोबर ओढायचो. अप्रेझलच्या आतल्या बातम्या, डिझाइनचे निम्मे निर्णय, सगळं तिथेच. म्हणजे मला खरी भीती टपरी सुटण्याची होती! इतक्या वर्षांत हे एकट्याला सुचलं नव्हतं. त्यांनी तारीख ठरवायला लावली, टीमला आधीच सांगून टाकायला लावलं, आणि नंतर चौकशीला फोनही केला. डॉक्टरांनी निकोटिन गम दिला. तो थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो. मी पहिल्या दिवशी कचाकचा चावला आणि भर स्टँडअपमध्ये उचक्या :)

तुम्ही म्हणाल, विलपॉवर असली की झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मदतीशिवाय केलेले फक्त ४ टक्के प्रयत्न यशस्वी होतात. शंभरातली ९६ डिप्लॉयमेंट्स रोलबॅक होणारी प्रोसेस आपण कुठल्या क्लायंटच्या गळ्यात मारली असती?

फायद्यांची यादी नेटवर आहेच. मला त्यातली एकच ओळ लक्षात राहिली, कारण ती घरातली होती: सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो.

माझे अजून सातच महिने झालेत. टपरीवर अजूनही जातो, कटिंग घेतो, धूर येणार नाही अशा बाजूला उभा राहतो. एखाद्या दिवशी फार तलफ येते, तेव्हा गम तोंडात टाकतो. परवाच्या रविवारी बाबांबरोबर मॅच बघितली. एकाच सोफ्यावर.