फिल्म परतली, कारखान्यांचे काय?

जपानच्या ‘फुजीफिल्म’ कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये ‘निओपान ॲक्रॉस १००’ या आपल्या कृष्णधवल फिल्मचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्याचे फारसे कोणाला आश्चर्य वाटले नाही. प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीतच कॅमेरा आल्यावर रीळ विकत घेऊन, ते धुवून, त्याच्या प्रती काढण्याचा खटाटोप कोण करणार, हा प्रश्न तोवर जुना झाला होता. आश्चर्य वाटले ते चौदा महिन्यांनी. जून २०१९ मध्ये त्याच कंपनीने तीच फिल्म ‘ॲक्रॉस २’ या नावाने पुन्हा बाजारात आणण्याचे जाहीर केले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती जपानमधील दुकानांत दाखलही झाली.

छायाचित्रकारांनी या घटनेचे स्वागत आपला विजय म्हणून केले, आणि ते स्वाभाविकही होते. ॲक्रॉस ही काही सामान्य फिल्म नव्हती. रात्रीच्या अंधारात कॅमेऱ्याचा पडदा मिनिटभर उघडा ठेवला की बहुतेक फिल्मांची संवेदनक्षमता मंदावते आणि हिशेबाने आणखी वेळ द्यावा लागतो. ॲक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत अशा दुरुस्तीची गरज पडत नसे. चांदण्यातील डोंगर, निर्जन रस्ते, संथ पाणी टिपणाऱ्यांना तिची जागा घेणारी दुसरी फिल्म सापडत नव्हती. त्यांनी मागणी केली, तरुण ग्राहकांनी तीत भर घातली आणि कंपनी नमली. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ग्राहकाला राजा म्हटलेले असते, त्याचे हे उत्तम उदाहरण म्हणून वर्गात सांगता येईल.

परंतु कंपनीचे निवेदन नीट वाचले तर हा निष्कर्ष फार घाईचा ठरतो. उत्पादन बंद करण्याचे कारण केवळ घटलेली मागणी हे नव्हते; आवश्यक कच्चा माल मिळणेही कठीण झाले होते. तेव्हा फिल्म परत आणण्यासाठी पर्यायी द्रव्ये शोधावी लागली आणि उत्पादनाची सारी प्रक्रिया मुळापासून तपासावी लागली, असे कंपनीनेच म्हटले आहे. सव्वा वर्षापूर्वी जी वस्तू कारखान्यातून नेहमीच्या सवयीने बाहेर पडत होती, तिच्यासाठी पुन्हा संशोधन करावे लागते, याचा अर्थ काय?

तो समजण्यासाठी फिल्म कशी बनते हे पाहावयास हवे. चांदीच्या क्षारांचे प्रकाशसंवेदी स्फटिक जिलेटिनमध्ये कालवून तयार होणारे इमल्शन पारदर्शक पट्ट्यावर अत्यंत पातळ आणि सर्वत्र समान थरांत पसरावयाचे, आणि हे सर्व गडद अंधारात करावयाचे, असे हे काम आहे. तापमानात किंचित फरक पडला, हवेत धूळ आली, जिलेटिनचा नेहमीचा पुरवठादार बदलला, तरी साराच माल वाया जाऊ शकतो. त्यातून, यंत्राला थोडे काम करता येत नाही. एक मीटर रुंद आणि हजार मीटर लांब पट्ट्यावर लेप दिला, तर त्यातून छत्तीस छायाचित्रांची सुमारे सतरा हजार रिळे निघतात, हे साध्या गुणाकार-भागाकाराने कळते. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने हजार मीटर म्हणजे काहीच नव्हे. आणि तयार झालेली फिल्म गुळाच्या ढेपेसारखी कोठारात ठेवून द्यावी, तर काही वर्षांतच तिची मुदत संपते. मागणी रोडावत गेली की ज्या स्थिर खर्चाचा बोजा पूर्वी कोट्यवधी रिळांवर वाटला जात होता तो थोड्या रिळांच्या माथी येतो; किंमत वाढवावी तर गिऱ्हाईक आणखी घटते.

फळ्यावर पुरवठ्याची वक्ररेषा काढताना विद्यार्थ्यांना असे शिकविले जाते की, किंमत उतरली की उत्पादक त्या रेषेवरून खाली येतो आणि किंमत चढली की त्याच रेषेवरून वर जातो. धान्याच्या किंवा भाजीपाल्याच्या बाबतीत हे बव्हंशी खरे आहे. यंदा कांदा न लावणारा शेतकरी पुढल्या वर्षी लावू शकतो. परंतु ज्या उद्योगात ज्ञान यंत्रात, पुरवठादारांच्या साखळीत आणि कामगारांच्या हातात मुरलेले असते, तेथे परतीची वाट निराळी असते, किंबहुना पुष्कळदा ती नसतेच. मागणी परत येऊ शकते. पांगलेला कारखाना तिच्या हाकेसरशी परत येत नाही. गेल्या काही वर्षांत ज्या कृष्णधवल फिल्मा परत आल्या त्यांचा इतिहास पाहिला, तर त्या प्रत्येकीच्या मागे कोठेतरी, काहीशा योगायोगाने, एखादे यंत्र चालू राहिलेले आढळते.

कोडॅकचेच उदाहरण घ्या. अमेरिकेतील रॉचेस्टर या एकाच शहरात १९८२ च्या सुमारास या कंपनीची साठ हजार माणसे कामावर होती. जानेवारी २०१२ मध्ये तिने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ‘टी-मॅक्स पी३२००’ ही मंद प्रकाशात, नाट्यगृहात वा क्रीडांगणावर उपयोगी पडणारी वेगवान कृष्णधवल फिल्म बंद झाली. ती २०१८ मध्ये परतली. हे शक्य झाले ते छायाचित्रकारांच्या आग्रहामुळे कमी आणि हॉलिवूडमुळे अधिक. कोडॅकच्या चित्रपट-फिल्मची विक्री २००६ मधील १,२४० कोटी फुटांवरून २०१४ मध्ये सुमारे ४५ कोटी फुटांवर घसरली होती आणि रॉचेस्टरचा लेपन कारखाना बंद करण्याचा विचार चालू होता. तेव्हा क्रिस्तोफर नोलन, क्वेंटिन टॅरन्टिनो यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी आपले वजन खर्ची घातले, आणि फेब्रुवारी २०१५ पर्यंत सहा प्रमुख चित्रपटसंस्थांनी ठराविक फिल्म विकत घेण्याचे करार कोडॅकशी केले. चित्रपटासाठी यंत्र चालू राहिले म्हणून त्याच यंत्रावर मधूनमधून पी३२०० चा लेप देणे परवडू लागले. बाजारपेठेने आपण होऊन हे केले असते काय, याची शंका आहे. येथे मोठ्या ग्राहकांनी एकत्र बसून, आजची गरज नसतानाही उद्यासाठी, पुरवठादार जिवंत ठेवला.

उलट फुजी ही या सर्वांत शहाणी कंपनी मानली जाते. फिल्मचा धंदा बुडणार हे ओळखून तिने रसायनांचे आपले ज्ञान औषधे, सौंदर्यप्रसाधने आणि पडद्यांसाठी लागणारे पातळ पापुद्रे यांच्याकडे वळविले. भागधारकांच्या दृष्टीने हे धोरण यशस्वी झाले, यात वाद नाही. पण चित्रीकरणाच्या चित्रपट-फिल्मचे उत्पादन तिने २०१३ मध्ये थांबविले आणि कोडॅकला जो आधार उरला तो फुजीने स्वतःच काढून टाकला. आज ‘ॲक्रॉस २’ ची पेटी हातात घेतली तर तिच्यावर ‘मेड इन यू. के.’ अशी अक्षरे आढळतात. शहाण्या कंपनीचे नाव फिल्मवर राहिले आणि उत्पादन परदेशी गेले.

ब्रिटनमध्ये अशी फिल्म बनविणारा मोठा कारखाना आता एकच उरला आहे. तो चेशायर परगण्यातील मोबर्ली येथे, ‘इल्फर्ड’ या नावाने फिल्म विकणाऱ्या हार्मन टेक्नॉलॉजीचा. १८७९ मध्ये स्थापन झालेली इल्फर्ड कंपनीही २००४ मध्ये बुडीत निघाली होती. पुढल्या वर्षी तिच्याच सहा व्यवस्थापकांनी कृष्णधवल विभाग विकत घेतला आणि मोठ्या स्वप्नांच्या मागे न लागता, आहे तेवढ्याच ग्राहकांना पुरेल असा धंदा चालविला. कोणत्याही अर्थमंत्र्याच्या भाषणात स्थान मिळू नये इतकी ही घटना लहान होती.

इटलीतील फेरानियाची कथा याहून बोलकी आहे. लिगुरियातील या कारखान्याचा आरंभ स्फोटक द्रव्ये बनविण्यापासून झाला. तेथील नायट्रोसेल्युलोज पुढे फिल्मच्या कामी आले. साठच्या दशकात इटालियन चित्रपटांसाठी ‘पी३०’ ही कृष्णधवल फिल्म तेथेच बनत असे. या शतकात कारखाना बंद पडला. २०१३ मध्ये काही मंडळींनी नवी कंपनी काढली आणि पुढल्या वर्षी जगभरच्या शौकिनांकडून तीन लाख वीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम गोळा केली. उद्देश हा, की जुन्या इमारती पाडल्या जाण्यापूर्वी आतील मोठी यंत्रे वाचवावीत. वर्गणीदारांना रंगीत फिल्मचे आश्वासन दिले गेले होते. प्रत्यक्षात इमारतीत ॲस्बेस्टॉस निघाले, तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये हाती आली ती कृष्णधवल ‘पी३०’. ती ज्या यंत्रावर बनली ते मोठ्या कारखान्यातील नव्हतेच; संशोधन विभागातील प्रयोगांसाठी ठेवलेले ते लहान लेपनयंत्र होते. भरभराटीच्या काळात ज्याचे उत्पादन हिशेबात धरण्याजोगेही नव्हते, तेच यंत्र थोड्या मागणीच्या काळाला योग्य मापाचे ठरले. पैसा देऊन बसलेल्या वर्गणीदारांची नाराजी रास्त होती. तथापि पैसा, उत्साह आणि मागणी ही तिन्ही हाती असूनही बंद कारखाना उठविणे किती कष्टाचे असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

या पार्श्वभूमीवर उदकमंडलमची आठवण होणे अपरिहार्य आहे. निलगिरीच्या थंड, धूळविरहित हवेत १९६० मध्ये केंद्र सरकारने ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ची स्थापना केली, फ्रेंच सहकार्याने उभारलेल्या कारखान्यातून १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ हे नाव परीक्षेच्या अर्जावरील छायाचित्रापासून रुग्णालयातील क्ष-किरण चित्रापर्यंत अनेकांच्या परिचयाचे होते. दुकानदार तक्रार करीत, हौशी छायाचित्रकार परदेशी रीळ मिळाले तर तेच पसंत करीत, हेही खरे. पण तो कारखाना बुडाला तो केवळ मालाच्या दर्जामुळे नव्हे आणि डिजिटल कॅमेऱ्यामुळे तर मुळीच नव्हे. तो कॅमेरा भारतात रुळण्यापूर्वीच, नव्वदच्या दशकाच्या मध्यास, ही कंपनी आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली होती. पॉलिएस्टर क्ष-किरण फिल्मचा अवाढव्य प्रकल्प कर्ज काढून उभारावयाचा आणि तो पुरा होत असतानाच आयात स्वस्त करून टाकावयाची, या दोन धोरणांच्या कात्रीत ती सापडली. मोबर्लीने जे केले, म्हणजे अंग आखडून घेऊन हातचे काम टिकविणे, तो मार्ग येथे चोखाळला गेला नाही. वर्षामागून वर्षे व्याज साठत गेले, पुनर्वसन की विसर्जन यावर कागद फिरत राहिले आणि यंत्रे थांबत गेली.

सार्वजनिक पैशाने तोट्यातील कारखाना अनिश्चित काळ पोसावा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न तो नाहीच. उद्योग आवरताना त्याचे सर्वांत लहान, सर्वांत जुने, कर्जमुक्त अंग वेगळे काढून चालविता येईल काय, एवढी चौकशी तरी व्हावयास हवी होती. बंद पडणाऱ्या कारखान्याच्या मूल्यमापनात जमिनीची किंमत धरली जाते, यंत्रांची भंगाराच्या भावाने धरली जाते. अंधारात केवळ सवयीने इमल्शन योग्य वेळी उतरविणाऱ्या माणसाच्या कौशल्याची किंमत शून्य धरली जाते. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने उरलेल्या कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी सुमारे १८१ कोटी रुपये मंजूर केले. त्यानंतर तीन वर्षांनी फेरानियाची ‘पी३०’ आली, चार वर्षांनी कोडॅकची ‘पी३२००’, पाच वर्षांनी ॲक्रॉस. आज पुण्या-मुंबईच्या एखाद्या विद्यार्थ्याने हौसेने जुना कॅमेरा दुरुस्त करून त्यात कृष्णधवल फिल्म भरली, तर ती रॉचेस्टरची असते, मोबर्लीची असते, क्वचित इटलीची. आणि तिच्या किमतीत सीमाशुल्कही धरलेले असते.