चिमणी ठेवली, गिरणी कुठे गेली?

लोअर परळला उतरून इंटर्नशिपला जाणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. ऑफिसचा पत्ता सांगताना आपण सहज 'अमुक मिल कंपाउंड' म्हणून जातो. पण त्या पत्त्यातली मिल तुम्ही कधी पाहिली आहे का? फिनिक्सची चिमणी आपण सगळ्यांनी पाहिलीय, तिच्यासोबत सेल्फीही काढलेत. बाकीची गिरणी कुठे गेली?

जुनी वास्तू न पाडता तिला नवं काम द्यायचं, गरज असेल तर शेजारी नवी इमारत जोडायची. आर्किटेक्चरवाले याला 'अ‍ॅडाप्टिव्ह रीयूज' म्हणतात. गिरणीची शेड त्यासाठी एकदम परफेक्ट. उंच छत, ऐसपैस हॉल आणि करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. छपरातल्या काचा उत्तरेकडे, म्हणजे डोळ्यांवर ऊन न येता दिवसभर उजेड. ही सोय मागांसाठी होती, पण लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनाही वेगळं काय हवं असतं? शिवाय धडधाकट भिंती पाडून राडारोडा करायचा आणि तिथेच पुन्हा सिमेंट ओतायचं, यात पर्यावरणाचं भलं नक्कीच नाही.

तरीही मुंबईत शेड पडल्या, कारण खरी किंमत जमिनीला होती. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातच नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल कायम ठेवला. मग शेड कोण कशाला जपेल?

लंडनचं बॅटरसी पॉवर स्टेशन १९८३ मध्ये बंद पडलं आणि कित्येक वर्षं ओसाड होतं. २०२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे अ‍ॅपलचं ऑफिस आहे, आजूबाजूला नव्या इमारती आहेत आणि जुनी कंट्रोल रूमही जपलीय. तिथली घरं सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे खरं. पण निदान मूळ इमारत डोळ्यांसमोर उभी आहे.

'जुनं जपणं महाग पडतं, लिफ्ट आणि फायर सेफ्टीचं काय?' हा प्रश्न रास्त आहे. सुरक्षेत तडजोड नकोच. पण टॉवर रिकाम्या जागेवर बांधून शेड त्याला जोडता येते. आणि शेड राखली म्हणजे झालं, असंही नाही. तळमजल्यावरची एक खोली तरी कामगारांच्या आठवणींसाठी ठेवा, तिथे कुणालाही आत जाता येऊ द्या. कार्ड स्वाइप केल्याशिवाय आत सोडत नसतील, तर तो वारसा कुणाचा?

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा त्याच आवारात भोंग्यावर कामाला जात असतील. त्यांना विचारा, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. आणि नव्या ऑफिसच्या पहिल्या दिवशी एचआरला एक प्रश्न नक्की टाका: आपण बसतो तिथे आधी कुठलं खातं होतं?