दूध सोडायचं, पण कुणी?

मैत्रिणींनो, या महिन्याच्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं आहे. वय बेचाळीस. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ‘आयबीएस’ सांगितलं. तेव्हा कुणीसं म्हणालं, दूध बंद कर, म्हणून त्यांनी दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळंच बंद केलं. ‘पोट जरा बरं आहे, पण पुरतं नाही. आता पाठही दुखते. सासूबाई म्हणतात, दूध सोडलंस, दुसरं काय होणार! मी काय करू?’ असं त्या विचारतात.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतड्याला जखम नसते, सूज नसते, तपासण्या स्वच्छ येतात. तरी आठवड्यातून एकदा तरी पोटात कळ येते, शौचाशी तिचा संबंध असतो, कधी जुलाब तर कधी तीन-तीन दिवस पोट साफ नाही. रिपोर्ट चांगले आले की घरची मंडळी म्हणायला मोकळी, ‘हिला काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ!’ तसं नाही हो. आतडंच हळवं झालेलं असतं. एरवी ज्याचा पत्ताही लागत नाही, तेवढ्या वायूनंही या बाईचं पोट कळवळतं.

आता दुधाचं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारं पाचकद्रव्य तान्ह्या बाळाकडे भरपूर असतं, पण मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होतं. आपल्या देशात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे असे लोक जास्त. म्हणजे हा काही रोग नव्हे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू होतो, पोट गुरगुरतं. ज्याचं आतडं मुळात हळवं, त्याला हाच वायू सोसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की आयबीएस झालं म्हणून दूधदुभतं सरसकट टाकायचं कारण नाही. ज्यांना लॅक्टोज बाधतं त्यांनी लॅक्टोज कमी करायचं. नि बाधतं की नाही, हे शेजारणीनं ठरवायचं नसतं.

दुधापासून होणारा प्रत्येक पदार्थ सारखा नाही, हे एकदा नीट पाहून घ्या. पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. ज्यांना ते पचत नाही त्यांतल्याही बहुतेकांना एका वेळी एवढं फारसा त्रास न होता चालतं, जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सोपं. हळव्या पोटाची मर्यादा कमी असू शकते, पण चहातल्या पाव वाटी दुधात ते दोन-अडीच ग्रॅमच. दही आंबट का होतं? विरजणातले जंतू लॅक्टोजचं आम्ल करतात म्हणून. उरलेलं पचवायलाही ते जंतू पोटात मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या कित्येकींना दही-ताक सोसतं. पनीर करताना बरीचशी साखर पाण्याबरोबर निघून जाते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच, तेव्हा वरणभातावरचं चमचाभर तूप बंद करून या भगिनींनी काय मिळवलं कोण जाणे! (तूप वाटीनं ओतू मात्र नका. फार स्निग्ध जेवणानंही आयबीएसवाल्यांना कळा येतात.)

खरा वैरी खवा. लिटरभर दूध आटवून पाव किलो खवा जेमतेम होतो, पण लिटरातली साखर सगळी तिथेच राहते. पेढे, बर्फी, बासुंदी नि दुधाची पावडर घालून केलेली मिठाई यांना हात जपून लावावा. दूध उकळलं, हळद घातली किंवा साय काढली म्हणून लॅक्टोज कमी होत नाही. ‘ए-टू’ म्हणून महाग विकतात त्या दुधात नि शेळीच्या दुधातही ते असतंच.

मग परीक्षा करायची कशी? मोठ्या शहरांत श्वासाची एक तपासणी होते, पण घरीही करता येतं. पाळी संपली की सुरू करा, कारण पाळीच्या दिवसांत पोट एरवीही बिघडतं. समोर लग्नकार्य नसावं. पंधरा दिवस दूध, दही, ताक, खवा, आइस्क्रीम बंद. तूप चालेल. इसबगोल दुधातून घेत असाल तर पाण्यातून घ्या. बाकी जेवण नेहमीचंच ठेवा, नाहीतर कशानं बरं वाटलं ते कळायचं नाही. जुन्या वहीत रोज दोन ओळी लिहा : काय खाल्लं, कळ आली का, किती वेळा जावं लागलं. पंधरा दिवसांत काहीच फरक नाही? तर दूध निर्दोष आहे, ते पुन्हा सुरू करा. हे लिहिण्याचं कारण, दूध बंद करणाऱ्या पुष्कळ भेटतात, फरक नाही म्हणून सुरू करणारी क्वचित. फरक पडला, तर आधी ताक, तीन दिवसांनी जेवणाबरोबर अर्धा पेला दूध, मग पूर्ण पेला. जिथं पोट बोलायला लागेल तिथं थांबा. तीच आपली मर्यादा. हल्ली लॅक्टोज काढलेलं दूधही मिळतं, कॅल्शियम तेवढंच.

सकाळी अनशापोटी कडक चहा घेऊन धावत जावं लागत असेल, तर दुधाला दोष देण्याआधी चहाकडे बघा. चहातलं कॅफीनही आतड्याला हलवतं. नि दूध बंद करूनही ‘पुरतं बरं नाही’ याचं कारण कांदा, लसूण, गहू, कडधान्यं यांतही असू शकतं. त्यांतली काही द्रव्यं लॅक्टोजसारखीच आंबतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावरून आहाराची एक पद्धत बसवली आहे. पण ती आहारतज्ज्ञाला विचारून, थोड्याच आठवड्यांसाठी करायची. सगळं एकदम सोडून भातावर दिवस काढू नका. ‘कोणता पदार्थ बाधतो ते रक्तावरून सांगतो’ म्हणणाऱ्या आयजीजी तपासणीवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या नि ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्येच ती नको म्हणून सांगितलंय.

पाठदुखीची कारणं अनेक, ती डॉक्टरांना दाखवावीच. पण तीन वर्षं दूधदुभतं नाही नि बदली काही नाही, हे त्यांना जरूर सांगा. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात सुमारे ३०० मिळतं. दूध खरंच सोसत नसेल, तर नाचणी जवळ करा : १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. शेवग्याच्या पाल्याची भाजी, चटणीत तीळ, मासे खाणाऱ्यांना काट्यासकट खाता येणारी बारकी मासळी. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही.

शौचातून रक्त, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांतलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट सतत फुगलेलं राहायला लागलं, तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चघळत बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बीजाशय तपासून घ्या.

आणखी एकीनं विचारलंय, पूजेचं पंचामृत नाकारलं तर वाईट दिसतं, घ्यावं का? दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर थेंबही नको, तो वेगळाच आजार. नुसतं लॅक्टोज बाधत असेल तर तळहातावर मावतं तेवढं खुशाल घ्या.