विश्लेषण : विंडोज १० गेले, लिनक्स टाकले… पण डिजिटल सही कशी करायची?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट मिळवता येतात. त्यानंतर तेही बंद. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक केवळ या अटीमुळे बाद ठरतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील वर्कशॉप असो, डोंबिवली एमआयडीसीतील लहान कारखाना असो, की कल्याण स्थानकाजवळचे दोन खोल्यांचे कर सल्लागाराचे कार्यालय. अशा ठिकाणी चार-पाच संगणक एकदम बदलणे म्हणजे दीड-दोन लाखांचा खर्च. त्यावरचा फुकटचा पर्याय म्हणून उबुंटू किंवा मिंटसारखे लिनक्स टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. टायपिंग, ईमेल, हिशेबाचे तक्ते, छपाई, सगळे त्यावर होते. अडते ते शेवटच्या पायरीवर. सरकारी पोर्टलवर डिजिटल सही करायची वेळ आली की पडदा ‘साइनर सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश देतो. हे का होते आणि लिनक्सवाल्यांनी त्यासाठी किती वाट पाहावी?

सही नेमकी अडते कुठे?

डिजिटल सही प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातली डीएससी, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने तिला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. टोकनमधील गुप्त किल्ली कधीच बाहेर येत नाही. कागदाचा गोषवारा टोकनमध्ये जातो, पिन टाकल्यावर तिथेच सही होते आणि फक्त सही बाहेर पडते. व्यवस्था उत्तम आहे. प्रश्न असा की संकेतस्थळाने या टोकनशी बोलायचे कसे? ब्राउझर सुरक्षेसाठी कोणत्याही संकेतस्थळाला संगणकाच्या यूएसबी खाचेपर्यंत सहज पोहोचू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

म्हणून पूर्वी मधे प्लगइन असे. नेटस्केपच्या काळात, १९९५ च्या सुमारास आलेल्या ‘एनपीएपीआय’ या पद्धतीने बाहेरच्या कंपनीचा प्रोग्रॅम ब्राउझरच्या पोटात चालत असे. जावा अ‍ॅप्लेट, फ्लॅश, सिल्व्हरलाइट हे सगळे त्याच दाराने आत आले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हेच काम ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’ करी. महाराष्ट्रातील महापालिका, जिल्हा परिषदा, सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्या निविदा ज्या ‘महाटेंडर्स’ पोर्टलवर निघतात, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची प्रणालीही अनेक वर्षे सहीसाठी जावा अ‍ॅप्लेटवर अवलंबून होती. एकट्या ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका. इथल्या ठेकेदाराला गटाराचे काम हवे असले तरी आधी जावा नीट बसवून घ्यावे लागे.

हे दार असुरक्षित ठरले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ते कायमचे बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकीच्यांना रजा दिली. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तरी त्याची सावली एज ब्राउझरमधील ‘आयई मोड’ म्हणून किमान २०२९ पर्यंत राहणार आहे. तेवढ्यासाठीच अनेक कार्यालये विंडोजला धरून असतात.

प्लगइन गेले, मग आता काय चालते?

आता त्याची जागा मदतनीस प्रोग्रॅमने घेतली आहे. जीएसटी पोर्टलवर डीएससी नोंदवणाऱ्या कोणालाही ‘एमसाइनर’ ठाऊक असतो. तो संगणकावर बसवायचा, मग तो पार्श्वभूमीला चालू राहतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा पत्ता म्हणजे स्वतःचाच संगणक. ‘१५८५ पोर्टवर जाऊन प्रमाणपत्र स्वीकारा’ ही सूचना सल्लागारांना पाठ झाली आहे, पण ती का पाळायची हे फार थोड्यांना सांगितले गेले. आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्राची ‘आरडी सर्व्हिस’ही अशीच, संगणकातल्या संगणकात बोलते.

थोडक्यात, प्लगइन ब्राउझरच्या पोटातून निघून शेजारच्या खोलीत राहायला गेले. लिनक्ससाठी मूळ अडचण तशीच राहिली. सही होण्यासाठी तीन कड्या जुळाव्या लागतात. टोकनचा ड्रायव्हर, मदतनीस प्रोग्रॅम आणि त्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवणारा ब्राउझर. पहिली कडी वाटते तितकी कच्ची नाही. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर उत्पादकच देतात आणि ‘ओपनएससी’ हा मुक्त प्रकल्पही काही टोकने ओळखतो. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या कडीवर थांबते. मदतनीस फक्त ‘डॉट ईएक्सई’ स्वरूपात असला की पुढे काही करता येत नाही. जीएसटीच्या पोर्टलने लिनक्ससाठीही एमसाइनर दिला, त्याअर्थी ते अशक्य नाही. पण प्रत्येक पोर्टलचा मदतनीस वेगळा, आवृत्ती वेगळी. एका पोर्टलवर जमले म्हणून दुसऱ्यावर जमेलच, असे नाही.

वाट पाहून कधी काही मिळाले का?

लिनक्सवर फ्लॅश वापरणाऱ्यांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. अडोबीने फ्लॅशची आठवी आवृत्ती लिनक्ससाठी काढलीच नाही. नववी जानेवारी २००७ मध्ये आली. ६४ बिट संगणकांसाठी २००८ च्या अखेरीस प्राथमिक आवृत्ती मिळाली, २०१० मध्ये ती मागे घेतली गेली, काही महिन्यांनी पुन्हा आली आणि अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये अधिकृत झाली. जेमतेम चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने जाहीर केले की ११.२ नंतर लिनक्सला नवे फ्लॅश फक्त क्रोममधूनच मिळेल. ऑगस्ट २०१६ मध्ये हा निर्णय फिरवला. आणि जुलै २०१७ मध्ये फ्लॅशच बंद करण्याची घोषणा झाली. ३१ डिसेंबर २०२० हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. दहा वर्षे थांबलेल्यांच्या हाती निरोपाचे पत्र आले. सिल्व्हरलाइटचेही तेच. त्याची मुक्त नक्कल ‘मूनलाइट’ लिनक्ससाठी झाली, पण नेटफ्लिक्सला लागणारी कुलपे तिच्यात नव्हती. लिनक्सवर नेटफ्लिक्स अधिकृतपणे दिसू लागले ते २०१४ मध्ये, आणि तेही सिल्व्हरलाइट बाजूला ठेवून वेबच्या स्वतःच्या व्हिडीओ पद्धतीने.

मराठी वाचकांना हा प्रकार परका नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खासगी फॉन्टमध्ये असत. फॉन्ट आपोआप उतरवणारी ‘डायनॅमिक फॉन्ट’ची सोय प्रामुख्याने इंटरनेट एक्सप्लोररपुरती. लिनक्सवरच्या वाचकाला बातमीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. ‘पद्मा’ नावाचे फायरफॉक्सचे एक जोडसाधन, जे मुळात तेलुगूसाठी सुरू झाले, असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देई. पण ते मलमपट्टीचेच काम. प्रश्न सुटला तो वृत्तपत्रांनी युनिकोड स्वीकारल्यावर. त्यानंतर लिनक्ससाठी वेगळे काही करावेच लागले नाही.

आणखी एक उदाहरण कंपनी व्यवहार मंत्रालयाचे. त्याचे जुने ई-अर्ज अडोबी रीडरमध्येच उघडणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या पीडीएफमध्ये असत. इतर वाचक-प्रोग्रॅमात तसा अर्ज उघडला की एकच पान दिसे, ‘प्लीज वेट’! अडोबीने लिनक्ससाठी रीडरची शेवटची आवृत्ती २०१३ मध्ये काढली. तेव्हा ही विनंती शब्दशः पाळायची, तर अजूनही थांबावे लागले असते. मंत्रालयाने २०२२ पासून टप्प्याटप्प्याने अर्ज थेट वेबवर आणले. शेवटचे ३८ अर्ज जुलै २०२५ मध्ये हलले. भरणे सुटसुटीत झाले, सहीसाठी टोकन मात्र राहिलेच.

दक्षिण कोरियात काय घडले?

तिथे तर अख्खा देश अडकला होता. १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे मजबूत सांकेतिकीकरण मिळेना, म्हणून कोरियाने ‘सीड’ ही स्वतःची पद्धत तयार केली आणि ती ब्राउझरमध्ये बसवण्यासाठी अ‍ॅक्टिव्हएक्सचा आधार घेतला. बँक, खरेदी, सरकारी दाखले, सगळ्याला इंटरनेट एक्सप्लोरर सक्तीचा झाला. एका विधी प्राध्यापकांच्या पुढाकाराने २००७ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. शेवटी २०१४ मध्ये सरकार हलले ते एका कोटामुळे. गाजलेल्या मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना कोरियन संकेतस्थळांवरून विकत घेता येईना आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्याचा उल्लेख केला. डिसेंबर २०२० मध्ये सरकारमान्य प्रमाणपत्राची मक्तेदारी कायद्यानेच संपवण्यात आली. लिनक्सवाल्यांच्या तक्रारींनी जे झाले नाही, ते निर्यातीचे नुकसान दिसल्यावर झाले.

भारतात धोरण नाही का?

आहे, आणि कागदावर चांगले आहे. ई-प्रशासनात खुल्या मानकांचे धोरण केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर केले, मुक्त सॉफ्टवेअर वापराचे मार्च २०१५ मध्ये. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि संकेतस्थळ वेगवेगळ्या ब्राउझरवर चालावे, असे ती सांगतात. सीडॅकने ‘बॉस’ नावाचे लिनक्स तयार केले. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवत आहेत.

ही धोरणे प्रामुख्याने सरकारने स्वतः काय वापरावे हे ठरवतात. नागरिकाच्या टेबलावरचा संगणक कोणता असावा, हे मात्र पोर्टल बांधण्याच्या करारातील एका ओळीवर ठरते. ‘सहीची सुविधा विंडोज, मॅक व लिनक्सवर चालली पाहिजे’ अशी ओळ तिथे नसेल, तर बांधणारी कंपनी ते काम फुकट का करील? वापरणारे थोडे, म्हणून ओळ नाही. ओळ नाही, म्हणून वापरणारे वाढत नाहीत. हे चक्र बाजार मोडणार नाही, कारण सरकारी पोर्टलला दुसरे दुकान नसते. बँक आवडली नाही तर बदलता येते. जीएसटीसाठी जायचे कुठे? तेव्हा सरकारने ही ओळ सक्तीची करणे हेच खरे उत्तर आहे आणि ते खर्चिकही नाही.

कल्याण-डोंबिवलीला याची जुनी आठवण असायला हवी. नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत करवसुलीसाठी या महापालिकेचे नाव दोन दशकांपूर्वी राज्यभर घेतले जाई आणि तिच्याच धर्तीवर इतर पालिकांचे संगणकीकरण करण्याचे ठरले होते. एका पालिकेने ठरवलेली अट राज्यभर जाऊ शकते, हे इथे एकदा घडून गेले आहे. २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही ‘स्मार्ट सिटी’ योजनेत आली. पालिकेच्या पुढच्या सॉफ्टवेअर निविदेपूर्वीच्या बैठकीत ही एक मागणी मांडायला कुणाची हरकत नसावी.

टोकनशिवाय मार्ग नाही?

काही कामांसाठी आहे. २०१५ मध्ये आलेली ‘ई-साइन’ सुविधा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीवर चालते. किल्ली दूरच्या सुरक्षित यंत्रात तयार होते, सही होते आणि किल्ली नष्ट होते. संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. विंडोज, लिनक्स, मोबाइल, सगळीकडे सारखेच. पुण्याची सीडॅकही ही सेवा देते. प्राप्तिकर विवरणपत्र भरणाऱ्या बहुतेक पगारदारांना तर डीएससी लागतच नाही. आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगने पडताळणी होते आणि कोणताही ब्राउझर चालतो.

पण कंपनीला विवरणपत्रासाठी, कंपनी व एलएलपीला जीएसटी नोंदणीसाठी, सनदी लेखापालाला लेखापरीक्षण अहवालासाठी आणि ठेकेदाराला निविदेसाठी टोकनच हवे. नेमके हेच लोक जुन्या संगणकांची चिंता करत आहेत.

मग आज संगणकाचे काय करावे?

विंडोज पुसण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. त्यासाठी हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. टोकन ओळखले जाते का आणि आपल्या लागणाऱ्या पोर्टलचा मदतनीस प्रोग्रॅम लिनक्ससाठी मिळतो का, हे दोनच प्रश्न निर्णायक आहेत. ही चाचणी निविदेच्या किंवा विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी करू नये. पिन वारंवार चुकला तर टोकन कुलूपबंद होते आणि नवे प्रमाणपत्र घ्यायची पाळी येऊ शकते.

चार-पाच संगणकांच्या कार्यालयात सगळ्यांनाच सही करायची नसते. सहीसाठी विंडोज ११ चा एकच संगणक ठेवून बाकीचे लिनक्सवर नेले, तर बराच खर्च वाचतो. लिनक्सच्या आत आभासी यंत्रात विंडोज चालवून टोकन त्याला जोडण्याचा मार्गही आहे, पण त्यासाठी विंडोजचा परवाना आणि पुरेशी मेमरी लागते. ४ जीबीच्या संगणकावर तो नाद न केलेला बरा. आणि अपडेट बंद झालेले विंडोज १० केवळ सहीपुरते चालू ठेवायचेच असेल, तर त्या संगणकावर ईमेल उघडू नये आणि काम झाल्यावर टोकन खाचेत तसेच ठेवू नये.