साळीची चाळणी

जुलैच्या अखेरीस लातूर-नांदेडला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्यातही तो तसाच येऊन गेलेला असतो, पण तेव्हा रान मोकळे असते. जुलैत मात्र देगलूर-बिलोली, किनवटकडची साळ कोवळी असते. आभाळ असेल तर निभावते. पावसाने उघडीप दिली की पाण्याचा ताण आणि अतिनील किरणांचा मारा एकाच पानावर येतो. ताणाची चर्चा होते, किरणांची कोणी करत नाही.

ओझोनच्या थराची झीज १९८७ च्या माँट्रियल कराराने बरीच आवरली, ही मोठीच कमाई. पण उष्ण पट्ट्यात तो थर मुळातच पातळ आणि सूर्य मुळातच माथ्यावर, त्यामुळे आपल्याकडे हे किरण कधीच कमी नव्हते. म्हणून आपली पिके उन्हाला सरावलेली आहेत, असे सर्रास गृहीत धरले जाते. ते मला मान्य नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत देशोदेशीचे १८८ वाण वाढीव किरणांखाली वाढवून पाहिले गेले. बहुतेकांची उंची खुंटली, आणि कडक उन्हाच्या मुलखातला वाण चिवट निघेलच असे दिसले नाही.

याचे एक कारण जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडले. हे किरण पेशीतल्या डीएनएचे शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. रोप पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड साठवून किरण अडवते, पण मोठी मदार फोटोलायेज या विकरावर असते. ते उजेडाच्याच बळावर चिकटलेली जोडी सोडवते. ससानिशिकी या वाणात या विकराच्या १२६ व्या जागी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आहे. नोरिन-१ मध्ये तिथे आर्जिनिन, तर सुरजमुखी या इंडिका वाणात हिस्टिडिन. एवढ्याशा फरकाने या दोघांत दुरुस्ती मंदावते आणि रोप खुरटते.

फिलिपिन्समध्ये शेतात झालेल्या प्रयोगांत उत्पन्न फारसे घटलेले दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तिथल्या साळीच्या मुळाशी पाणी होते. आपली बरीचशी साळ पावसाच्या भरवशावर.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘प्रभावती’सारखा साळीचा वाण दिला. चुनखडीच्या काळ्या रानात लोह लागू होत नाही, साळ पिवळी पडते, हे दुखणे तिथल्या शास्त्रज्ञांनी जवळून पाहिलेले आहे. आता त्यांनी किरणांचीही चाळणी लावावी. १२६ व्या जागेचा फरक पानाच्या लहानशा तुकड्यावरून तपासता येतो. सुरुवात किनवट-माहूरकडे घरच्या बियाण्यावर टिकून असलेल्या जुन्या साळींपासून करावी, आणि रोपे पाण्याच्या ताणात, जुलैअखेरच्या उघड्या उन्हात पारखावीत.