समजून घ्या : नाट्यगृहातला ‘सुरक्षा पडदा’ आग कशी अडवतो?

नागपुरात पडद्याचे कापड घ्यायचे म्हटले की पावले गांधीबागेच्या कापड बाजाराकडे वळतात. रंग, पोत, मीटरचा भाव, सगळ्याची चौकशी होते. हे कापड पेट घेईल का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. नाट्यगृहासाठी तोच प्रश्न जीवनमरणाचा आहे.

सुरक्षा पडदा कशासाठी?
रंगमंचावर लाकूड, कापड, दिवे आणि वायरी एकाच जागी असतात. आग लागली की वरची उंच पोकळी धुराड्यासारखी काम करते. दर्शनी पडदा आग रोखत नाही, उलट स्वतःच जळतो. सुरक्षा पडदा रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. लोकांना बाहेर पडायला तेवढा वेळ मिळतो.

रचना कशी असते?
पोलादी चौकटीवर पत्रा किंवा काचतंतूंचे न जळणारे कापड बसवतात. पूर्वी ॲस्बेस्टॉस वापरत. दोन्ही कडा लोखंडी खाचांतून सरकतात, म्हणजे धूर सहज निसटत नाही. पडदा प्रतिभारापेक्षा किंचित जड ठेवतात. त्यामुळे कळ सोडली की वीज नसतानाही तो खाली येतो. रंगमंचाच्या छतावर धूर बाहेर सोडणारे झरोकेही लागतात.

पडदा असला की झाले?
नाही. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आग लागली, तेव्हा तिथे असा पडदा होता. तो अर्ध्यावरच अडकला. सुमारे ६०० जणांचा बळी गेला. ब्रिटनमध्ये प्रेक्षकांसमोर हा पडदा पाडून दाखवण्याची प्रथा रुजली.

आपण कुठे आहोत?
कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळले. जीवितहानी टळली, पण शाहू महाराजांनी उभारलेली शतकभर जुनी वास्तू काही तासांत उद्ध्वस्त झाली.

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मात्र कागदावर शिक्का असला म्हणून पडदा खाली येतोच असे नाही. जिथे सुरक्षा पडदा आहे तिथे तो नियमित पाडून पाहावा. जिथे नाही, तिथे निदान दर्शनी पडद्यावर अग्निरोधक प्रक्रिया करावी आणि धुतल्यावर तिचा परिणाम पुन्हा तपासावा.

गांधीबागेत भाव विचारताना हाही प्रश्न विचारायला हवा.